मंच कोणाचा, बिदागी कोणाची

आज कर्ज नाही, हप्ता नाही, शेळीपालनाची माहितीही नाही. आज आम्ही नाचाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. विषय आपल्या गटाच्या पासबुकापर्यंत येतो, ऐका.

दिवाळी झाली की आपल्याकडे बोलावणी सुरू होतात. कुठे महोत्सव, कुठे प्रदर्शन, कुठे महिला मेळावा. "तुमच्या गटाचा एक नाच बसवा" असा निरोप येतो. यंदा आपल्या प्रभागातल्या तीन गटांना पत्रं आली आहेत. ज्यांचा आवाज आजवर कुणी ऐकला नाही त्यांचे कार्यक्रम यंदा ठेवायचे आहेत, असं त्यात लिहिलंय. पत्र घेऊन बायका आमच्याकडे आल्या. एकीने विचारलं, "ताई, आवाज ऐकायचाय तर नाचायला कशाला बोलावलंय?" प्रश्न गमतीचा वाटला तरी खोटा नाही. त्यावरच बोलू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. जसा सोयाबीनचा हंगाम, उसाचा हंगाम, तसा मोठ्या शहरांत नाचाचाही हंगाम असतो. वर्षभरात कुठल्या महिन्यात कोणाचा कार्यक्रम, कोणत्या सभागृहात, तिकीट किती, हे सहा-आठ महिने आधी ठरवून जाहीर करतात. ठरवणारा असतो आयोजक. नाचणारी वेगळी, नाच बसवणारी वेगळी, आणि आयोजक वेगळा. सभागृह त्याच्याकडे, दिवे त्याच्याकडे, जाहिरात त्याची, पैशाची जुळवाजुळव त्याची. त्यामुळे कोण दिसणार आणि कोण घरी बसणार हेही त्याच्याच हातात.

हे आपल्याला नवं नाही. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रेचे पुढारी तिथे जातात, फड बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. तिथे जत्रा कमिटी म्हणजे आयोजक. त्या कमिटीत बाई पाहिलीय कुणी? आम्ही तरी नाही पाहिली.

आणि ज्याला आधुनिक किंवा समकालीन नाच म्हणतात तो काय, हेही सांगून टाकतो. त्यात ठरलेला ताल, ठरलेला पोशाख, ठरलेली देवाची गोष्ट असेलच असं नाही. नाच बसवणारी बाई आपल्या शरीरातून आपल्या जगण्यातलं काही मांडते. वाकून काम करणं, ओझं उचलणं, भीती, राग, काहीही. पहिल्यांदा बघताना वाटतं, हा कसला नाच? मग दोन मिनिटांनी वाटतं, अगं, असं तर आपण रोज करतो.

आयोजकाच्या हातात किती असतं हे कळायला थोडं लांब जाऊ, अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. ही गोष्ट आम्ही मुद्दाम निवडली, कारण ती कापूस वेचणाऱ्या बाईपाशी येते.

शंभर वर्षांपूर्वी तिकडे कृष्णवर्णीय लोकांना गोऱ्यांच्या शाळेत, हॉटेलात, नाटकघरात बरोबरीने जागा नव्हती. का, ते आपल्याला समजावून सांगायला नको. पाणवठे आपल्याकडेही वेगळे होते. एडना गाय नावाच्या एका कृष्णवर्णीय मुलीला नाच शिकायचा होता. त्या काळातल्या एका नामांकित गोऱ्या नर्तकीच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला. शिकू दिलं, पण गोऱ्या मुलींच्या बरोबरीने मोठ्या मंचावर काही नाचू दिलं नाही. कपडे शिवणं, बाईंची कामं करणं हे मात्र तिच्याकडे आलं. कला आहे, मेहनत आहे, आणि मंचाच्या मागे सुईदोरा.

त्याच शहरात ९२ व्या रस्त्यावर ज्यू समाजाची एक जुनी संस्था आहे. ज्यू लोकांनाही तेव्हा बऱ्याच ठिकाणी दारं बंद होती. या संस्थेने १९३० च्या दशकात नव्या नाचासाठी आपलं सभागृह उघडलं आणि तिथे कृष्णवर्णीय कलाकारांनाही जागा दिली. १९३७ च्या मार्चमध्ये एडना गाय आणि ॲलिसन बरोज या दोघींनी तिथे फक्त कृष्णवर्णीय नर्तकांच्या नाचाची एक संध्याकाळ घडवून आणली. इथे जरा थांबा. सभागृह संस्थेचं, पण कोणाला बोलवायचं, काय दाखवायचं हे त्या दोघींनी ठरवलं. त्यांच्या बोलावण्यावरून शिकागोहून एक तरुण बाई आली, कॅथरीन डनहॅम. तिच्याकडे आपण परत येऊच.

सहा वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याच मंचावर पर्ल प्रायमस पहिल्यांदा उभी राहिली. ही त्रिनिदादची, शिकलेली जीवशास्त्र. प्रयोगशाळेत नोकरी हवी होती. रंगामुळे मिळेना, म्हणून नाचाकडे वळली. तिची उडी इतकी उंच असायची की लोक आजही त्याबद्दल लिहितात. बटईने शेती करून कर्जात बुडालेल्या माणसांवर तिने नाच केला होता. पण केवळ ऐकीव माहितीवर नाचायचं हे तिला पटेना. १९४४ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेच्या दक्षिण भागात गेली, बटईदारांच्या बरोबरीने राहिली, त्यांच्याबरोबर कापूस वेचला, त्यांच्या प्रार्थनाघरांत जाऊन बसली. आपल्यावर नाटक, नाच, सिनेमा करणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या किती जणांच्या बोटांना कापसाच्या बोंडाची टोकं टोचली असतील?

आता त्या कापसाच्या लेकराची गोष्ट. टेक्सास राज्यात रॉजर्स नावाच्या लहान गावी १९३१ साली एक मुलगा जन्मला, आल्विन एली. आई अगदी कोवळ्या वयाची. बाप लवकरच सोडून गेला. आई लुला कापूस वेचायची, लोकांच्या घरी कामं करायची, कामासाठी गाव बदलायची, पोर बरोबर. हंगाम संपला की बिऱ्हाड हलवणाऱ्या आपल्या ऊसतोडीच्या बायकांना यातलं काही वेगळं सांगायला नको.

हा आल्विन मोठा होऊन नर्तक झाला. १९५८ च्या ३० मार्चला, त्याच ९२ व्या रस्त्यावरच्या सभागृहात, त्याने आपल्या मंडळीचा पहिला कार्यक्रम केला. दोन वर्षांनी, १९६० च्या जानेवारीत, तिथेच 'रेव्हलेशन्स' नावाचा नाच केला. त्यात काय दाखवलं? त्याच्या लहानपणचं गाव. पाण्यात उतरून घेतलेली दीक्षा, दुःखाची भजनं, आणि शेवटी रविवारी नटूनथटून प्रार्थनेला आलेल्या बायका. पिवळे झगे, हातात पंखे, स्टुलावर बसून एकमेकींशी चाललेल्या कुजबुजी. आपल्या सप्ताहाच्या मांडवात मागच्या बाजूला बसलेल्या बायकाच म्हणा ना. आज जगातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या आधुनिक नाचांत त्याची गणना होते.

पण आम्हाला जास्त भिडला तो दुसरा नाच. १९७१ साली आल्विनने आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून एक नाच बसवला. नाव 'क्राय', म्हणजे आक्रोश. साधारण सोळा मिनिटं एकच बाई मंचावर. पहिल्यांदा तो जुडिथ जेमिसन नाचली. उंच, धिप्पाड अंगाची बाई. अशा अंगाच्या बाईला नर्तकी म्हणायचं की नाही यावर लोक तेव्हा कुजबुजायचे. तिच्याजवळ एक लांब पांढरं कापड असतं. ते कापड हातात घेऊन ती गुडघ्यावर बसते आणि फरशी पुसते. मग तेच कापड खांद्यावर येतं, डोक्याला गुंडाळलं जातं, शाल होतं, ओझं होतं. ती पडते, उठते, पुन्हा घासायला बसते. शेवटाकडे ती मोकळी होऊन नाचते. जगातल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायांना, त्यातही आयांना, हा नाच वाहिलेला आहे.

आम्ही आमच्या बैठकीत हे तोंडी सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे पोछा मारण्याचा नाच?" हो, पोछ्याचा नाच. आणि तो बघायला लोक तिकीट काढून आले, उभे राहून टाळ्या वाजवून गेले. याच बाईने, जुडिथ जेमिसनने, आल्विनच्या मृत्यूनंतर १९८९ पासून पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ती सगळी मंडळी चालवली. म्हणजे नाचणारी बाई नाच ठरवणारी झाली.

यातून एक हिशेब बघा. १९३७, १९४३, १९५८, १९६०. त्या संस्थेने एक वर्ष पत्रक काढून फोटो काढले आणि दार लावलं, असं झालं नाही. वीस-बावीस वर्षं दार उघडं राहिलं, तेव्हा कुठे कापूस वेचणारीचा मुलगा त्या मंचावर पोचला. हंगाम एका पावसावर निघत नाही.

आता कॅथरीन डनहॅम. ती नर्तकी होती आणि मानवशास्त्र शिकलेली होती. हैती, जमैका या बेटांवर गावागावांत राहून तिने तिथले नाच अभ्यासले होते. पुढे तिची स्वतःची मंडळी झाली, गावोगाव दौरे झाले. १९४४ मध्ये लुईव्हिल नावाच्या शहरात तिचा कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं, टाळ्या भरपूर. पण कृष्णवर्णीय प्रेक्षकांना गोऱ्यांच्या शेजारी बसू दिलेलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर ती मंचावर पुढे आली आणि तिने सरळ सांगितलं की आमच्यासारखी माणसं तुमच्या शेजारी बसू शकत नाहीत तोवर मी इथे पुन्हा नाचायला येणार नाही.

विचार करा, मंचावर त्यांचीच माणसं आणि खुर्च्यांवर बंदी! मंच दिला म्हणजे सगळं दिलं असं आयोजकाला वाटतं. खाली कोण बसलंय, पहिल्या रांगेत कोण आणि मागे सतरंजीवर कोण, हे डनहॅमने मंचावरून पाहिलं. आपल्या मेळाव्यात नाचणाऱ्या मुलींच्या आया कुठे बसलेल्या असतात, आठवून बघा.

अमेरिकेतलंच आणखी एक सांगतो. जावोले विला जो झोलर या बाईंनी १९८४ मध्ये 'अर्बन बुश विमेन' नावाची मंडळी काढली. त्यांना केसांवर नाच करायचा होता. कृष्णवर्णीय बायकांना कुरळ्या केसांवरून जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. तर त्यांनी बायकांना जमवून केसांवर गप्पा मारण्याचे मेळावे घेतले. कोणी काय सोसलं, कोणाला आईने कसं विंचरलं, हे ऐकलं. आधी ऐकणं आणि मग नाचणं. आमच्या अनुभवात आयोजकांची ऐकण्याची वेळ कधी येतच नाही; ते थेट पोशाखाच्या रंगावर येतात.

आता घरी येऊ. आपल्या महाराष्ट्रातल्या वाड्याला जन्मलेल्या एक मोठ्या नर्तकी होत्या, चंद्रलेखा. त्यांनी भरतनाट्यम शिकून नाव कमावलं, मग नाच बाजूला ठेवून लेखन, चित्रं, स्त्रियांची चळवळ यांत बरीच वर्षं घालवली. १९८४ मध्ये मुंबईत देशी-परदेशी नर्तकांचं एक मोठं संमेलन भरलं, त्याच्या बोलावण्यामुळे त्या पुन्हा मंचावर आल्या. चांगला आयोजक काय करू शकतो त्याचं हे आपल्याकडचं उदाहरण. पुढे त्यांनी 'श्री' नावाचा नाच बसवला. त्यात बायका पाठीचा कणा वाकवून, वाकून वाकून चालतात, आणि नाच पुढे जातो तशा ताठ होतात. खुरपणी करून संध्याकाळी घरी येताना आपली पाठ कशी होते, ते जगातल्या मोठमोठ्या सभागृहांनी बसून पाहिलं.

आणि लावणी? इथे आम्हाला थोडं कडू बोलायचं आहे. आपण पंचमीला अंगणात फुगडी घालतो, झिम्मा खेळतो, तो खेळ. मंगळागौरीची स्पर्धा झाली की ती संस्कृती. आणि संगीत बारीतली बाई ढोलकीवर उभी राहिली की ती नाचणारी! हा शब्द आपणच शिवीसारखा वापरतो. गटाच्या बैठकीतही आम्ही तो ऐकलाय. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढे होतं. इतक्या उशिरा मिळालेला मान एकट्या सरकारच्या खाती लिहून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

लावणीचा आयोजक पूर्वी बहुतेक पुरुषच. थिएटरचा मालक, दौलतजादा करणारा गिऱ्हाईक, जत्रेची कमिटी. १९९० च्या दशकात अकलूजला राज्यपातळीची लावणी स्पर्धा सुरू झाली. पुढे भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी बारीतल्या कलावंतांबरोबर राहून माहितीपट केला, २०१४ मध्ये कोरगावकरांचं 'संगीत बारी' पुस्तक आलं, आणि त्यातून शहरांतल्या नाट्यगृहांत होणारा कार्यक्रम उभा राहिला. त्यात शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई महाळंग्रेकर अशा बारीत आयुष्य काढलेल्या बाया स्वतः उभ्या राहतात. बसून, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी करायची अदाकारीची लावणी दाखवतात. सिनेमातल्या नट्या त्यांची नक्कल करून नावारूपाला आल्या. इथे नक्कल नाही, मूळच आहे. आमचं मत विचाराल तर लावणीच्या नावाने बाकी जे कर्कश डीजेचे कार्यक्रम चालतात त्यांच्यापुढे हे एक बैठकीचं गाणं भारी पडतं. असो, तो वेगळा विषय.

आता पासबुकाकडे. दोन वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या एका मोठ्या महोत्सवात आपल्या गटाच्या दहाजणी गेल्या होत्या. आयोजकांचं नाव घेत नाही. पंधरा दिवस रात्री जेवणं उरकून सराव केला. वेचणीतले तीन दिवस बुडवले. टेम्पोचं भाडं अठराशे रुपये गटाच्या खात्यातून गेलं. दुपारी दोनला बोलावलं, नाच झाला साडेसातला, कारण पाहुणे उशिरा आले आणि भाषणं लांबली. नऊवारी नेसून साडेपाच तास बसायचं, आणि बाईला जायला आडोसासुद्धा नाही. आपण बसवलेलं वेचणीचं गाणं आयत्या वेळी रद्द करून "जरा उत्साहाचं काहीतरी करा" म्हणून सिनेमाचं गाणं लावलं. चार मिनिटांत नाच उरकला. हातात एकेक प्रमाणपत्र. मुंबईहून आलेल्या गायकाचं मानधन वेगळं होतं, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली ओळ होती, ग्रामीण महिलांचा आविष्कार. दहाजणींतल्या एकीचंही नाव नाही.

यावर आपल्यात दोन मतं आहेत आणि दोन्ही आम्ही मोकळेपणाने सांगतो. काही जुन्या बाया म्हणतात, घराबाहेर पडायला मिळालं, माईकसमोर उभं राहिलो, तेवढं पुरे; नाचाचे कसले पैसे मागायचे? त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. त्यांतल्या एकीच्या सासऱ्यांनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा टाळ्या वाजवताना पाहिलं, तेही पहिल्या रांगेतून. दुसऱ्या बाजूला तरुण सुना म्हणतात, आपण पापडाचं पाकीट फुकट देतो का? मग पंधरा रात्री का द्यायच्या? आमचा कल सुनांच्या बाजूला आहे. पापडाची किंमत ठरवताना उडीद, जळण, मजुरी आपण धरतो. नाचाच्या किंमतीत बुडालेली रोजंदारी धरायला लाजायचं कारण नाही. त्याला आपल्याकडे जुना शब्दच आहे, बिदागी.

म्हणून यंदा पत्र आलेल्या तिन्ही गटांशी बोलून एक उत्तराचा कागद केला आहे. त्यात विचारलंय की कार्यक्रम निवडणाऱ्या समितीत गटाची कोणी बाई आहे का, नसेल तर एकीला घ्याल का. कोणता नाच करायचा ते गट ठरवेल आणि आयत्या वेळी बदलणार नाही. बिदागी दर बाईला किमान एका दिवसाच्या मजुरीइतकी, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च, आणि रक्कम गटाच्या खात्यावर, कुण्या पुढाऱ्याच्या हातात नाही. कपडे बदलायला खोली, संडास, पाणी. नाचणाऱ्यांची पूर्ण नावं सूत्रसंचालनात आणि छापील पत्रिकेत, आणि त्यांच्या घरच्यांना बसायला खुर्च्या. कोणती वेळ दिली ती पाळायची. यातलं एखादं मान्य नसेल तर बोलणी करू. सगळंच अमान्य असेल तर आपण जाणार नाही, हे तिन्ही गटांनी ठरावात लिहून सह्या-अंगठे केले आहेत.

एका आयोजकाचा फोन आला. म्हणाले, "ताई, तुम्ही तर कलाकारांसारख्या अटी घालताय." आम्ही म्हटलं, "हो." थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, समितीत विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणाहून खर्च आणि खोली मान्य असल्याचा निरोप आलाय, बिदागीचं घोडं अडलंय.

त्या वेचणीच्या नाचाचा सराव मात्र सुरू आहे. ओटी भरल्यावर पाठ कशी वळते, वजनकाट्यापाशी उभं राहिल्यावर मान कशी उंच होते, हे सगळं त्यात बायकांनी स्वतः बसवलंय. आम्ही फक्त चटईवर बसून बघतो आणि चहा ठेवतो.

येत्या सोमवारी अकरा वाजता प्रभागसंघाच्या कार्यालयात बैठक आहे. ज्या गटांना असं बोलावणं आलंय त्यांनी मूळ पत्र बरोबर आणावं, झेरॉक्स आम्ही काढून देऊ. उत्तराचा कागद वाचून दाखवला जाईल, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या नावाने शाळेतल्या मुली भरून देतील. आणि ज्यांना नाच बघायचाय त्यांनी रात्री साडेआठनंतर समाजमंदिरात या. येताना एखादी जुनी ओटी असेल तर घेऊन या, नाचाला दोन कमी पडताहेत.